रविवारचे रिकामे रकाने

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला मोजणीबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या पत्रकावर होतं, पण एरवी कुणी 'मोजणीबाई' अशी हाक मारली की तीच मान वर करायची. तिचं काम कागद मोजायचं. छापखान्यातून आलेल्या तावांचा गठ्ठा समोर ओढायचा, एक कोपरा वळवून पंख्यासारखा पसरायचा आणि बोटांच्या टोकांनी पाच-पाच पानं उडवत जायचं. वीस झटके झाले की शंभर. नव्या माणसाला वाटावं, बाई कागदाला वारा घालतेय. पण अकरा वर्षांत तिचा गठ्ठा एका पानाने चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

या कामाचा एक नियम होता आणि तो तिला पहिल्याच दिवशी फोरमनने शिकवला होता. शंभर पुरे झाले की चिठ्ठीवरच्या रकान्यात एक रेघ ओढायची. अठ्ठ्याण्णव निघाले तर रेघ ओढायची नाही, आकडाही लिहायचा नाही. गठ्ठा बाजूला ठेवायचा, रकाना कोरा सोडायचा. उरलेली दोन पानं उद्या-परवा दुसऱ्या कुठल्यातरी गठ्ठ्यात जास्तीची निघतातच. ती त्यात घातली की मग रेघ. "अपुरं लिहायचं नाही," फोरमन म्हणायचा, "अपुरं लिहिलं की पुढचा माणूस त्याला पुरं समजतो." हे वाक्य तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी किराणा भरतानाही अर्धा डबा ती भरलेल्यांच्या ओळीत ठेवत नसे.

चौतिसाव्या वर्षी तिला दिवस राहिले. पहिल्यांदा नव्हे. दोन वर्षांपूर्वी राहिले होते, आणि पाचव्या महिन्यात एका दुपारी सगळं संपलं होतं. त्या वेळी दवाखान्यात तिला एका लांबट खोलीत बसवून ठेवलं होतं. भिंतीवर पोस्टर होतं, त्यावर हसणारं बाळ होतं, आणि आतून एक डॉक्टरीणबाई येऊन खूप हळू आवाजात बोलली होती. तिला त्यातले शब्द आठवत नसत. तो हळू आवाज मात्र आठवे. तेव्हापासून तिच्याशी कुणी हळू बोललं की ती तिथून उठायची.

म्हणून या खेपेला घरात सगळेच जपून होते. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती. सासूबाईंनी तर सातवा महिना लागेपर्यंत बाळाचा 'ब' उच्चारला नाही. मग एके दिवशी त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, जुन्या मऊ चादरी काढल्या, कात्रीने टराटरा फाडल्या आणि त्यांचे लंगोट बेतायला बसल्या. सुनेने विचारलं, "काय करताय?" तर म्हणाल्या, "फडकी करतेय. घरात फडकी लागतात."

"एवढी?"

"तुझा नवरा सांडतो फार."

नवरा बेकरीचा टेम्पो चालवायचा. पहाटे भट्टीवर जायचा, दुकानादुकानांत पाव टाकत दुपारी परतायचा. बोलका माणूस. पण दवाखान्याचा विषय निघाला की त्याचं बोलणं आटायचं आणि तो उठून काहीतरी दुरुस्त करायला लागायचा. नवव्या महिन्याच्या तोंडावर त्याने घरातले सगळे नळ, एक खुर्ची आणि शेजाऱ्यांची घंटा दुरुस्त केली. दवाखान्याच्या रस्त्याचीही त्याने तालीम केली. रिकामा टेम्पो घेऊन तीन वेगवेगळ्या वाटांनी गेला आणि येऊन जाहीर केलं, "पेट्रोल पंपावरून डावीकडे. बावीस मिनिटं. बाजारातून गेलं की चाळीस. बाजारातून जायचं नाही."

"मी काय पाव आहे, टोपलीत घालून न्यायला?" ती म्हणाली.

"पावाला एवढी तालीम करत नाही मी."

पिशवी भरायचं काम मात्र तिने स्वतः केलं. निळ्या कापडाची, दोन बंदांची पिशवी. दवाखान्याने छापील यादी दिली होती. पुढून उघडणारे दोन गाऊन, सपाता, मग, साबण, टॉवेल, कापसाची गुंडाळी, थर्मास, बाळाची चार झबली, दोन टोपडी, दुपटी. तपासण्यांची फाईल सर्वांत वर, कारण दारात पाऊल ठेवताच तीच मागतात. बोटं सुजायला लागली तेव्हा तिने साबण लावून अंगठी काढली आणि ती रुमालात बांधून सासूबाईंच्या हवाली केली. रक्ताची गरज लागली तर दोन माणसांची नावं लिहून द्या, असंही यादीत होतं. एक नवरा. दुसरं नाव कारखान्यातल्या खळवालीने दिलं. खळवाली म्हणजे पुठ्ठ्यांना खळ लावणारी, पन्नाशीची, तोंडाची फटकळ बाई. सगळे तिला मावशी म्हणत. "घ्या माझं," ती म्हणाली, "फक्त डॉक्टरला सांग, निम्मी खळच निघेल. पोरगं चिकटून बसेल पोटात, बाहेर येणार नाही."

सगळे हसले. मोजणीबाईही हसली, पण तिने टेबलाच्या लाकडाला बोट लावलं.

भरलेली पिशवी तिने दाराजवळच्या खुंटीला टांगली. सासूबाईंनी ती काढून आत पेटीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुंटीला, पुन्हा पेटीवर. शेवटी त्या म्हणाल्या, "दारात पिशवी टांगली की घर जायची तयारी करतं. राहू दे आत. वेळ आली की मी आणीन."

"वेळ सांगून येते का?"

"येत नाही. म्हणूनच तिला दारात उभी करू नये."

आठवा महिना लागला तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरने तिच्या हातात एक गुलाबी कार्ड दिलं. त्यावर महिन्याचे सगळे दिवस छापलेले, प्रत्येक दिवसापुढे एक रकाना. सिस्टर चपळ, ठणठणीत आवाजाची बाई होती. मोजणीबाईला ती आवडायची ती त्या आवाजामुळेच.

"रोज काही खाऊन झालं की स्वस्थ बसायचं, पोटावर हात ठेवायचा आणि बाळ किती वेळा हलतं ते मोजायचं. दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. दहा झाले की इथे खूण. कमी वाटलं तर यायचं इकडे. काय काम करता?"

"कागद मोजते."

"मग तुम्हाला काय शिकवायचं," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या बाईचा हात धरून रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायला लागली.

मोजणीबाईने उठता उठता विचारलं, "कामावर मोजलं तर चालेल?"

"कुठेही मोजा, पण मोजा."

त्याच सुमारास फोरमनने तिची जागा बदलली. आधी ती खिडकीपाशी बसायची. तिथून संडास लांब, मध्ये गठ्ठ्यांची चळत, आणि तिला दर तासाला उठावं लागायचं. फोरमन भला माणूस होता. त्याच्या घरी तीन मुली, त्याला या गोष्टी न सांगता कळायच्या. त्याने तिचं टेबल उचलून हॉलच्या दुसऱ्या टोकाला, संडासाच्या बोळाजवळ, कटिंग मशीनच्या शेजारी आणलं. वर एक पाठीची खुर्चीही दिली. "सुटीवर जाईपर्यंत इथेच बसा," म्हणाला. तिने त्याला दोनदा धन्यवाद दिले.

कटिंग मशीन म्हणजे कारखान्यातलं सर्वांत थोरलं धूड. कागदाची वीतभर जाड थप्पी लोखंडी पट्टीखाली दाबायची, आणि वरून हातभर लांब पातं खाली यायचं. सोमवार ते शनिवार, सकाळी आठपासून ते चालू. पहिल्या दिवशी येणारा माणूस प्रत्येक घावाला दचकायचा. अकरा वर्षं तिथे काढलेल्या माणसाला ते ऐकूच येत नसे, जसा स्वतःच्या घरातल्या घड्याळाचा आवाज ऐकू येत नाही. ते चालवणाऱ्या काकांचा एक कान तर त्यातच कामी आला होता.

मोजणीबाई नऊच्या चहाबरोबर दोन बिस्किटं खायची आणि मोजायला बसायची. पोट इतकं पुढे आलेलं की खुर्ची ओढून घेतली की ते टेबलाच्या कडेला टेकायचं. एक हात पोटावर, एक कार्डावर. सुरुवातीला बाळ असं काही लाथा झाडायचं की कार्डच हलायचं. खळवालीने एकदा हात लावून पाहिला आणि म्हणाली, "ही पोरगी आहे. पोरगा असता तर एवढ्या सकाळी उठला नसता."

मग नववा महिना लागला, आणि लाथांची धार कमी झाली. आता जाणवायचे ते धक्के मऊ होते. आतून कुणी बोटाने ढोसावं तसे. जागा कमी पडतेय, असं सासूबाई म्हणाल्या. जागा कमी पडत असणारच. धक्के मऊ होते पण भराभर यायचे. पाव तासात दहा, आणि रकान्यात खूण. तिला त्याचं समाधान वाटायचं. इतकं चोख मोजमाप देणारं मूल आपल्याच पोटी यायचं.

रविवारचं मात्र जमत नव्हतं.

रविवारी घरी चहा घेऊन ती खिडकीशी बसायची, हात पोटावर ठेवायची आणि वाट बघायची. पहिल्या रविवारी सहा झाले. दुसऱ्या रविवारी चार, तेही सबंध सकाळ मिळून. चार म्हणजे अपुरं. तिने रकाना कोरा ठेवला. उरलेले सहा दुपारी निघतील असं तिला वाटलं. दुपारी पाहुणे आले, मग कपडे वाळत घालायचे राहिले होते. रात्री कुशीवर वळताना काहीतरी सरकल्यासारखं झालं, ते धरावं की न धरावं या विचारात तिला झोप लागली. आणि सोमवारी सकाळी कारखान्यात टेबलाशी बसली तर पाव तासात दहा. निघाली की राहिलेली पानं. निघतातच.

"तुमचं मूल रविवारी सुटी घेतं," तिने नवऱ्याला सांगितलं. "आठवडाभर हजेरी चोख. रविवार आला की हूं नाही की चूं नाही."

"कामगाराचं पोर आहे," तो म्हणाला. "आत्तापासून हक्क कळतात त्याला."

"आणि संध्याकाळीसुद्धा गप्प असतं."

"पाळी संपली ना त्याची."

तो हसला आणि ती हसली. सासूबाई लंगोट घडी करत होत्या. त्यांचे हात थांबले. "संध्याकाळी गप्प?" त्यांनी विचारलं. "माझी तिन्ही संध्याकाळीच नाचायची." सुनेने ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं. आपल्याला भीती वाटतेय, हे तिने कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही. दवाखान्यात जाऊन विचारता आलं असतं. पण दवाखान्यात ती लांबट खोली होती. आणि कार्ड तर भरलेलं होतं. सहा दिवस भरलेलं, एक दिवस कोरं.

पुढच्या रविवारचा रकानाही कोराच राहिला. त्यानंतरच्या तपासणीला सिस्टरने कार्ड पाहिलं. रांगेत बायका उभ्या होत्या, एकीचं आधीचं मूल रडत होतं.

"छान आहे. पंधरा मिनिटांत दहा? खट्याळ दिसतंय. हे रविवारचे रकाने रिकामे का?"

मोजणीबाईच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. पण 'पुरे झाले नाहीत' हे म्हणणं तिला अर्धा गठ्ठा फोरमनच्या टेबलावर नेऊन ठेवण्यासारखं वाटलं. "घरी कामात राहून जातं," ती म्हणाली.

"राहून जाऊ देऊ नका," सिस्टर म्हणाली. तिने पोटाला यंत्र टेकवलं, ठोके ऐकले, फाईलवर काहीतरी लिहिलं. "पुढच्या बुधवारी या. पोट थोडं लहान वाटतंय, डॉक्टर त्या दिवशी बघतील."

पुढचा बुधवार म्हणजे आठ दिवस.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी ती कामावर आली तेव्हा हॉलमध्ये काहीतरी चुकल्यासारखं होतं. काय ते तिला आधी कळेना. माणसं नेहमीची, गठ्ठे नेहमीचे, खळीचा आंबूस वासही तोच. पण खळवाली कुणाशी बोलत होती तो शब्द न् शब्द हॉलच्या या टोकाला ऐकू येत होता. कुणाची तरी कात्री खाली पडली तर सगळ्यांनी वळून पाहिलं.

कटिंग मशीन बंद होतं. पातं बोथट झालं म्हणून आदल्या संध्याकाळी धारेला पाठवलं होतं. काका स्टुलावर बसून चहा पीत होते, आणि हाताला काम नसल्यामुळे अवघडून गेले होते.

नऊ वाजता तिने बिस्किटं खाल्ली, खुर्ची ओढून पोट टेबलाला टेकवलं, हात ठेवला आणि मोजायला बसली.

सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले.

तिने दुसरा हातही ठेवला. पुढ्यातला गठ्ठा तसाच होता. खळवालीने लांबून ओरडून विचारलं, "काय मोजणीबाई, आज सुटीच्या आधीच सुटी?" तिने मान हलवली. सिस्टरला एकदा कुणाला तरी सांगताना तिने ऐकलं होतं की गार पाणी प्यावं, डाव्या कुशीवर पडावं. ती उठून माठाचं दोन पेले पाणी प्यायली. बोळाजवळ कोऱ्या कागदाची बांधून ठेवलेली चळत होती, तिच्यावर डाव्या कुशीवर आडवी झाली. छताकडे पाहत राहिली. एकदा काहीतरी झालं. अगदी बारीक, पाण्याखाली मासा वळावा तसं. मग काही नाही.

खळवाली हात पुसत आली. "काय होतंय? कळा आहेत का?"

"नाही."

"मग असा चेहरा का केलायस?"

"आज हलत नाहीये फारसं."

"झोपलं असेल. आमच्या थोरलीने शेवटचे दोन दिवस मला असंच..." बोलता बोलता तिचा आवाज हळू झाला. तो हळू झालेला आवाज ऐकताच मोजणीबाई उठून बसली.

तेवढ्यात पातं आलं. काकांना जीव आल्यासारखं झालं. त्यांनी ते फडक्यात धरून बसवलं, बोल्ट आवळले, आणि चाचणीसाठी रद्दीची एक जाड थप्पी पट्टीखाली सारली. मोजणीबाई आपल्या खुर्चीवर येऊन बसली होती, पोट टेबलाला टेकवून, हात पोटावर.

पातं खाली आलं.

आणि तिच्या पोटात आतून कुणीतरी बोटाने ढोसलं. मऊ. ओळखीचं.

"आलं?" खळवालीने तिचा चेहरा पाहून विचारलं, "हललं ना?"

काकांनी थप्पी फिरवली, पुन्हा पातं आलं, पुन्हा ढोसलं. दोन. तिने पाय रेटून खुर्ची वीतभर मागे घेतली. पोट टेबलापासून सुटलं. पातं खाली आलं. काही नाही. पुन्हा आलं. काही नाही. तिने खुर्ची पुढे ओढली, पोट टेकवलं. पातं. ढोसलं. मागे. काही नाही. पुढे. ढोसलं.

तिने हे तीनदा केलं. चौथ्यांदा करायची गरज नव्हती. तेव्हा तिच्या डोक्यात काय आलं असेल ते नेमकं सांगणं कठीण आहे. नंतर एकदा तिने सासूबाईंना एवढंच सांगितलं की, त्या वेळी आपल्याला रडू आलं नाही, लाज वाटली. आपण पंधरा दिवस लोखंडाच्या हजेऱ्या मांडत होतो, याची.

"काका, बंद करा ते," ती म्हणाली. काकांना ऐकू गेलं नाही. ती उभी राहिली. "मावशी, मला दवाखान्यात जायचंय. आत्ता."

"अगं, पण पिशवी?"

"पिशवी राहू दे."

फोरमनने फाटकाबाहेर धावत जाऊन टॅक्सी थांबवली. नवऱ्याचा फोन वाजत राहिला. तो त्या वेळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कुठल्यातरी दुकानात टोपल्या उतरवत असणार. खळवाली तिच्याबरोबर बसली, खळीचे हात तसेच. टॅक्सीवाल्याने गाडी बाजाराच्या दिशेने वळवली तेव्हा मोजणीबाई म्हणाली, "पेट्रोल पंपावरून डावीकडे घ्या." इतक्या शांतपणे म्हणाली की खळवालीला तिची भीती वाटली. वाटेत खळवालीने दोनदा विचारलं, "काही हलतंय?" दुसऱ्यांदा विचारल्यावर मोजणीबाई म्हणाली, "मावशी, आता विचारू नका."

दवाखान्यात सिस्टर होती. कालच येऊन गेलेली बाई आज पुन्हा पाहून ती म्हणाली, "काय झालं?"

"बाळ हलत नाही."

"कधीपासून?"

"माहीत नाही."

"माहीत नाही कसं? कार्ड बघू." कार्ड तिच्या हातात आलं. सिस्टरची नजर रकान्यांवरून फिरली आणि तिचा चेहरा सैल झाला. "काल सकाळचीसुद्धा खूण आहे की. मंगळवार आहे, सोमवार आहे. घाबरलात तुम्ही. शेवटी शेवटी वाटतं असं. बसा जरा बाकावर, आत एक बाई आहेत, त्यांचं झालं की घेते. अर्धा तास."

बाक त्या लांबट खोलीत होता. दार उघडंच होतं. आतल्या भिंतीवर पोस्टर तेच, कोपरे उलटलेले. मोजणीबाई त्या दाराकडे एक पाऊल गेली. आयुष्यभर ती सांगितलेल्या जागी बसणारी बाई होती. ती थांबली आणि परत फिरली.

"सिस्टर, ते कार्ड खोटं आहे."

"म्हणजे?"

"ते माझ्या पोटातलं नाही. मशीनचं आहे. मी मशीनजवळ बसते, टेबल हलतं, मला वाटायचं बाळ हलतंय. आज मशीन बंद होतं." तिला धाप लागली. "आणि रविवारी मी मोजत होते. राहून जात नव्हतं. पहिल्या रविवारी सहा झाले. मग चार. परवाच्या रविवारी दोनच. अपुरे होते म्हणून लिहिले नाहीत."

सिस्टरने कोऱ्या रविवारांवरून बोट फिरवलं.

"दोन," सिस्टर म्हणाली.

"हो."

सिस्टरने कार्ड टेबलावर टाकलं आणि तिचा दंड धरला. आतली बाई बाहेर आली, मोजणीबाई आत गेली. पोटाला दोन पट्टे बांधले, यंत्रातून कागदाची पट्टी सरकायला लागली. तिच्यावर एक रेघ उमटत होती. बाळाच्या ठोक्यांची रेघ वर-खाली नाचायला हवी, असं नंतर तिला कुणीतरी समजावलं. त्या वेळी तिला एवढंच दिसलं की रेघ आखून काढल्यासारखी सपाट चालली आहे, आणि मधूनच खोल पडते आहे. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पट्टी हातात घेऊन वाचली, आणि मग त्या बोलल्या. हळू आवाजात नाही. चढ्या, कोरड्या आवाजात, दाराकडे बघून. "टेबल तयार करा. आत्ता. यांच्याबरोबर कोण आहे?"

"मी आहे," खळवाली म्हणाली.

"नात्याने कोण?"

मोजणीबाई म्हणाली, "नवरा कामावर आहे. सही मी करते." आणि केली. सही करताना तिने कागदावरचं काही वाचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

कमरेत सुई दिली तेव्हा पाय कुणा दुसऱ्याचे झाल्यासारखे वाटले. छातीपाशी हिरवा पडदा धरला. पलीकडे माणसं बोलत होती. कुणाला तरी कात्री हवी होती, कुणीतरी दिवा सरकवायला सांगितलं. पोटात ओढाताण जाणवत होती, दुखत काही नव्हतं. मग बोलणं एकदम थांबलं.

"वेळ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अकरा बावन्न."

एवढंच. पुढे काही नाही. घाईची पावलं खोलीच्या एका कोपऱ्याकडे गेली. मोजणीबाई पडद्याच्या कापडाकडे बघत होती. वेळ जन्माचीही लिहितात आणि मरणाचीही लिहितात, हे तिला माहीत होतं.

"वेळ कशाची सांगितली?" तिने विचारलं. उशाशी भूल देणारे डॉक्टर होते. ते तिच्याकडे न बघता कोपऱ्याकडे बघत होते. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. कोपऱ्यात नळीने काहीतरी खेचल्याचा आवाज आला, थापट्या आल्या, पुन्हा नळी. कुणीतरी म्हणालं, "अजून एकदा."

किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. मग कोपऱ्यातून एक आवाज आला. त्याला रडणं म्हणवत नव्हतं. सुकलेलं बिजागर फिरावं तसा करकरीत, एकदाच. थोड्या वेळाने पुन्हा.

"मुलगी आहे," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "फार लहान आहे. आता काही विचारू नका."

मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं. नवरा दुपारी आला. अंगावर पिठाचे डाग, हातात निळी पिशवी. सासूबाईंनी ती त्याच्या हातात कोंबली होती. पिशवीतली झबली त्या मुलीला घालायला काढली असती तर ती त्यात हरवली असती. त्याने डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न विचारला आणि त्यांनी त्याला खरं उत्तर दिलं. नाळेतून खाणं पोचत नव्हतं, बरेच दिवस. पोरीने अंगातलं बळ जपायला हालचाल बंद केली होती. बुधवारपर्यंत थांबला असतात तर आज आपण वेगळं बोलत असतो. आत्ताही पहिले तीन दिवस काही सांगता येत नाही.

तो व्हरांड्यात येऊन खळवालीच्या शेजारी बसला. "मी तिची चेष्टा करत होतो," तो म्हणाला. खळवाली बोटांवरची वाळलेली खळ खरवडत राहिली.

पहिले तीन दिवस गेले. एका रात्री मुलीचा श्वास दोनदा थांबला आणि दोनदा सुरू केला गेला. हे मोजणीबाईला सकाळी कळलं. चौथ्या दिवशी तिला चाकांच्या खुर्चीतून काचेच्या खोलीत नेलं. तिथली नर्स वेगळी होती, वयाने लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पेटीत मुलगी पालथी पडली होती, नाकात नळी, पाठीची हाडं कोंबडीच्या पिल्लासारखी.

मोजणीबाईने खुर्ची पेटीजवळ घेतली.

"हात घाला आत," नर्स म्हणाली. "काही होत नाही."

तिने हात घातला नाही. "झोपलीये का?" तिने विचारलं.

"झोपलीये."

"नक्की?"

नर्सने पडद्यावरच्या हिरव्या आकड्यांकडे बोट दाखवलं. "हे बघा ना, सगळं नीट आहे."

मोजणीबाईने आकड्यांकडे पाहिलंही नाही. ती मुलीकडेच बघत होती, आणि मुलगी मुळीच हलत नव्हती. नर्सने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पेटीच्या गोल भोकातून स्वतःचा हात आत घातला आणि मुलीच्या तळपायावर मधल्या बोटाने टिचकी मारली.

मुलीने पाय पोटाशी ओढून घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि काचेबाहेर ऐकू येईल एवढ्या मोठ्याने कुरकुरली.

"राहू दे," मोजणीबाई म्हणाली. "झोपू दे तिला."